कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी (१८ जून, १९११ – २८ जून, १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी होत.

शिक्षण

माहेरच्या कमला भागवत यांचा जन्म इंदूर येथे झाला. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. स्त्री असल्याच्या कारणावरून चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रह केला, तेव्हा एक वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून पुढे इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले.

संशोधन

केंब्रिज येथे बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतिपेशींच्या श्वसनात सायटोक्रोम-सी या प्रथिनाचा सहभाग असल्याचे दाखवले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. हेच प्रथिन तंतुकणिकेबाहेर पडल्यास पेशीच्या नियोजित मृत्यूस चालना देते, हे १९९६ साली अमेरिकेतील संशोधनातून उघड झाले. सायटोक्रोम-सी नसलेले उंदरांचे भ्रूण गर्भातच मरतात. त्यांच्यापासून वाढवलेल्या पेशी मात्र मृत्यूच्या काही संकेतांना सहजी दाद देत नाहीत.

भारतात परतल्यावर त्यांनी दिल्ली, कुन्नूर व मुंबई येथे काम केले. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरेचा उपयोग होतो, हे त्यांनी दाखवले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.