मठाच्या बागेतील संशोधक : फादर ग्रेगोर मेंडेल

आनुवंशिकताशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचे नाव जगभर घेतले जाते, ते ग्रेगोर मेंडेल एक कॅथलिक धर्मगुरू होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. त्यांचा जन्म १८२२ साली तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, हिन्चित्से या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे. वडिलांना आठवड्यातील तीन दिवस जमीनदाराकडे वेठीने राबावे लागे. पुढे ते अपघातात जायबंदी झाले आणि मुलाचे शिक्षण अडले. तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशातला वाटा भावाला दिला. भावाने ते ऋण विसरले नाही. पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणाला त्याने हातभार लावला.

१८४३ साली ते ब्रनो शहरातील ऑगस्टिनियन मठात दाखल झाले आणि १८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. रुग्णांचे दुःख त्यांना पाहवत नसे. ते स्वतःच आजारी पडत. मठाधिपती नाप यांनी ते ओळखले आणि त्यांना शिकवण्याच्या कामी पाठवले. शिक्षकाची परीक्षा दोनदा देऊनही ते उत्तीर्ण झाले नाहीत. तरीही विद्यार्थ्यांचे ते आवडते शिक्षक होते.

१८५६ ते १८६३ या काळात मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्याची सुमारे २८,००० रोपे तपासली. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. त्यांच्या पुढच्या पिढीत ५,४७४ दाणे गोल तर १,८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. सुरकुतलेला गुण नाहीसा झाला नव्हता, नुसता झाकला गेला होता. प्रत्येक गुणाचा एक वाटा आईकडून व एक वाटा बापाकडून येतो, आणि ते वाटे एकमेकांत विरघळून जात नाहीत, हे त्यांनी ताडले.

१८६५ साली त्यांनी हे निष्कर्ष ब्रनोतील विद्वानांपुढे वाचले. १८६६ साली ते छापले गेले. त्यांचे मोल कोणाला कळले नाही. १८६८ साली ते मठाधिपती झाले. मठावर लादलेल्या करावरून सरकारशी झगडण्यात त्यांची शेवटची वर्षे गेली. ६ जानेवारी १८८४ रोजी ते देवाघरी गेले. १९०० साली, म्हणजे सोळा वर्षांनी, युरोपातील शास्त्रज्ञांना त्यांच्या नियमांचा पुन्हा शोध लागला.

हा नियम प्राण्यांनाही लागू पडतो, हे इंग्लंडच्या विल्यम बेटसन यांनी १९०२ साली कोंबड्यांवरून दाखवले. अँडालुशियन जातीच्या राखी-निळ्या कोंबड्यांचेच पाहा. निळा कोंबडा आणि निळी कोंबडी यांची पिल्ले सगळी निळी होत नाहीत. साधारण चारातले एक काळे, दोन निळी आणि एक काळे शिंतोडे असलेले पांढरे निघते. पाहणाऱ्याला वाटेल, काळे पिल्लू दुसऱ्याच कोंबड्याचे. पण तसे नाही. निळ्या पक्ष्यात एक वाटा काळ्याचा व एक पांढऱ्याचा असतो. दोन्ही पालकांकडून काळा वाटा आला की पिल्लू काळे. ते त्याच घरचे असते.

याच हिशोबाने उलटही सांगता येते. काळ्या पिल्लाचा बाप शिंतोड्यांचा पांढरा कोंबडा असू शकत नाही, कारण त्याच्याजवळ काळा वाटाच नाही. मात्र घाई नको. कोंबडा बदलला तरी आधीच्या कोंबड्याचे बीज कोंबडीत तीन-चार आठवड्यांपर्यंत टिकू शकते. तेवढे दिवस थांबूनच अंडी उबवायला ठेवावीत.

नुसत्या रंगावरून आपण किती सहज एखाद्याला परके ठरवतो! निळ्यांच्या घरी जन्मलेले काळे पिल्लू आपल्याला सावध करते. फादर मेंडेल यांनी आठ वर्षे धीराने मोजले आणि मगच निष्कर्ष काढला. दुसऱ्यांविषयी मत बनवताना तेवढा धीर आपल्यालाही लाभो.