शक्तीचा हिशेब मांडणारी एमिली

मैत्रिणींनो, ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही, फक्त तिचं रूप बदलतं, हा नियम आपण शाळेत घोकलाय. लाकडातली ऊर्जा चुलीत उष्णता होते, भाकरीतली आपल्या हातातलं काम होते. पण हा नियम पक्का होण्याच्या शंभरेक वर्षं आधी त्याची एक बाजू ठामपणे मांडणारी एक बाई होती, हे मला फार उशिरा कळलं.

एमिली द्यु शातले 1706 साली पॅरिसमध्ये जन्मली. अठराव्या वर्षी सरदार घराण्यात लग्न झालं, मुलं झाली. त्यानंतर तिनं नामवंत गणितज्ञांकडून धडे घेतले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत बायकांना प्रवेश नव्हता. तरी 1740 साली तिचं भौतिकशास्त्राचं पुस्तक छापून आलं. लिहिलं होतं आपल्या मुलाला शिकवण्यासाठी!

त्या काळी मोठा वाद होता, की धावत्या वस्तूची शक्ती मोजायची कशी? कुणी म्हणे, वस्तुमान गुणिले वेग. लायब्निट्झ म्हणे, वेगाचा वर्ग घ्या. हॉलंडच्या ग्राव्हेसांदेनं पितळी गोळे मऊ मातीत टाकून पाहिले. वेग दुप्पट, तर खड्डा चौपट! एमिली न्यूटनला फार मानायची, पण इथे तिनं पुराव्याची बाजू घेतली. अकादमीचे सचिव मेराँ यांनी 1741 मध्ये तिच्यावर जाहीर टीका केली. तिनंही लगेच छापील उत्तर दिलं.

आपली मुलं गाडी ताशी 30 ऐवजी 60 नं पळवतात, तेव्हा ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. हिशेब तोच.

बेचाळिसाव्या वर्षी ती पुन्हा गरोदर राहिली. या बाळंतपणातून आपण वाचणार नाही, अशी धास्ती तिला होती. म्हणून रात्ररात्र जागून तिनं न्यूटनच्या ग्रंथाचं फ्रेंच भाषांतर पुरं केलं, हस्तलिखित राजाच्या ग्रंथालयाकडे सोपवलं. सप्टेंबर 1749 मध्ये मुलगी झाली आणि आठवड्याभरात एमिली गेली. भाषांतर 1759 साली छापलं गेलं. पुढे 1840 च्या दशकात मायर, जूल, हेल्महोल्ट्झ यांनी ऊर्जेचा पूर्ण नियम मांडला. वेगाचा तो वर्ग त्यात कायम राहिला.

गावोगावी बायका मला म्हणतात, ताई, आता लेकरं झाली, आमचं शिक्षण संपलं. त्यांना मी एमिली सांगते. लेकराला शिकवायला उघडलेलं पुस्तक आईचंही असतं. आज मुलांचं विज्ञानाचं पुस्तक जरा हातात घ्या ना!