स्वदेशी विमानांचे शिल्पकार डॉ. घाटगे

पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग सातारा जिल्ह्यातील खंडाळ्यापुढे खंबाटकी घाट चढू लागला, की जुन्या काळी वाहनांची इंजिने तापत. वाहन कडेला घेऊन इंजिन निवू देण्याखेरीज इलाज नसे. जेट विमानाच्या इंजिनाला मात्र अशी उसंत नसते. याच महामार्गावरील कोल्हापूर जिल्ह्यात २४ ऑक्टोबर १९०८ रोजी जन्मलेले आणि बंगळूर ही कर्मभूमी मानणारे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी देशाला स्वतःची विमाने दिली. पण त्यांच्या पोटातील आग परक्यांकडूनच आणावी लागली.

पुणे व मुंबई येथील शिक्षणानंतर घाटगे जर्मनीतील ग्यॉटिंगेन विद्यापीठात गेले. वायुगतिशास्त्राचे प्रणेते लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. डिसेंबर १९४० मध्ये उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली. तेथे घाटगे यांनी आरेखनाचे काम हाती घेतले. भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये सुरू झालेल्या वैमानिक अभियांत्रिकी विभागाच्या जडणघडणीतही त्यांचा मोलाचा वाटा होता.

ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांच्या आरेखनातील ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान आकाशात झेपावले. पुढे जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली ‘मरुत’ या लढाऊ जेट विमानाचे काम सुरू झाले. त्यातही घाटगे सहभागी होते. १७ जून १९६१ रोजी ‘मरुत’ने पहिले उड्डाण केले. ध्वनीच्या दुप्पट वेगाची अपेक्षा बाळगून आखलेल्या या विमानाला त्या ताकदीचे इंजिन मात्र लाभले नाही. नियोजित ब्रिटिश इंजिनाचा विकास खर्चाच्या प्रश्नावर थांबला आणि कमी शक्तीच्या ‘ऑर्फियस’वर भागवावे लागले.

स्वतःचे इंजिन बनविणे सोपे नव्हते. जेट इंजिनात इंधन अखंड जळत असते. ज्वालेचे तापमान सुमारे २,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, तर पात्यांचे निकेलमिश्रित धातू १,४०० अंशांच्या आतबाहेर वितळतात. म्हणून दाबलेल्या हवेचा थोडाच भाग ज्वलनासाठी वापरून उरलेली हवा वायू थंड करण्यासाठी मिसळावी लागते. फार थंड केले तर शक्ती घटते, तापू दिले तर पाती निकामी होतात. टर्बाइनच्या मागे, निघून जाणाऱ्या वायूतील शिल्लक प्राणवायूत पुन्हा इंधन जाळून जोर वाढविण्याचे प्रयोग ‘ऑर्फियस’वर झाले, परंतु ते ‘मरुत’च्या नियमित सेवेत उतरले नाहीत.

घाटगे थांबले नाहीत. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेले ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमान ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडाले, तेही ब्रिटिश ‘वायपर’ इंजिनावर. या विमानाने भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांच्या अनेक पिढ्या घडविल्या. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

२००१ मध्ये उडालेल्या ‘तेजस’लाही अमेरिकी इंजिनच जोडावे लागले. पंखांचे शास्त्र घाटगे यांनी भारतात रुजविले. आगीचे शास्त्र आत्मसात करण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर राहिले.