बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर

सामान्यकाळाच्या अखेरच्या आठवड्यात, विषम वर्षी, दररोजच्या मिस्सेत दानिएलच्या ग्रंथातील वाचने होतात. बेलशस्सरची मेजवानी, सिंहांची गुहा, चार श्वापदे हे सारे भाविकांच्या परिचयाचे आहे. मात्र त्या वाचनांत ग्रंथाचा चौथा अध्याय येत नाही. ज्या राजाची कथा त्या अध्यायात सांगितली आहे, त्याच्याविषयी म्हणूनच थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते.

नबुखद्नेस्सर हा खास्दी राजा नबोपोलास्सर याचा ज्येष्ठ पुत्र. ख्रिस्तपूर्व ६०५ मध्ये युवराज असतानाच त्याने फरात नदीकाठी कर्कमीश येथे मिसरच्या फारो नखोच्या सैन्याचा दारुण पराभव केला. त्याच वर्षी पित्याच्या निधनाची वार्ता येताच तो तातडीने राजधानीत परतला व सिंहासनावर बसला. त्यानंतर ख्रिस्तपूर्व ५६२ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षे, त्याने राज्य केले.

यहूदाच्या चिमुकल्या राज्यावर त्याची धाड ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये आली. अठरा वर्षांचा राजा यहोयाकीन अवघे तीन महिने गादीवर होता. तो आपल्या मातेसह शरण आला आणि बंदिवान म्हणून बाबेलला गेला. यरुशलेम काबीज करून आपल्या पसंतीचा राजा तेथे नेमल्याची नोंद बाबेलच्या राजवृत्तान्ताच्या मृत्तिकापटावर असून तो पट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हा नवा राजा म्हणजे सिद्कीया. त्याने बंड केले आणि सुमारे दहा वर्षांनी जे घडले त्याचे वर्णन करताना शास्त्रलेखकांची लेखणीही जड झालेली जाणवते. दीर्घ वेढा, नगरात अन्नान्नदशा, तटाला खिंडार, मंदिराची राखरांगोळी. पळून जाणाऱ्या सिद्कीयाला यरीहोजवळ पकडून रिब्ला येथे नबुखद्नेस्सरापुढे उभे केले गेले. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना ठार मारण्यात आले व नंतर त्याचे डोळे काढण्यात आले. मुलांचा मृत्यू हे त्याने पाहिलेले शेवटचे दृश्य ठरले.

यिर्मयाच्या ग्रंथाच्या अखेरीस तीन खेपांतील निर्वासितांची संख्या दिली आहे : ३,०२३, ८३२ आणि ७४५, एकूण ४,६००. आकडा लहान वाटतो. परंतु ज्या घरातील माणूस गेला त्या घराला तो लहान कसा वाटावा?

अशा या राजाला यिर्मया संदेष्टा परमेश्वराचा सेवक म्हणतो. बायबलमधील पचण्यास अत्यंत कठीण अशा स्थळांपैकी हे एक होय. यिर्मयाच्या श्रोत्यांनाही ते पचले नाही. बाबेलचे जू स्वीकारा असे सांगणाऱ्या संदेष्ट्याला त्यांनी देशद्रोही ठरवून चिखलाच्या विहिरीत सोडले. मात्र यिर्मयाने त्या राजाची स्तुती केली नव्हती. यशयाने अश्शूरच्या सम्राटाविषयी कुऱ्हाडीचा दृष्टान्त दिला होता : कुऱ्हाडीने तिला चालवणाऱ्यापुढे मिरवावे काय? यिर्मयाचा विचार त्याच परंपरेतला आहे. सेवकाची मुदत असते, आणि ती संपल्यावर बाबेललाही जाब द्यावा लागेल हे त्याने त्याच प्रवचनात बजावून ठेवले होते.

नबुखद्नेस्सराला स्वतःला मात्र युद्धांपेक्षा बांधकामाची हौस अधिक असावी. त्याच्या शिलालेखांत तट, मंदिरे, राजवाडे यांचेच वर्णन अधिक आढळते. निळ्या चकाकत्या विटांचे इश्तार द्वार त्याचेच. १८९९ ते १९१७ या काळात जर्मन संशोधक रॉबर्ट कोल्डवे यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा त्याच्या नावाचा ठसा असलेल्या विटा अगणित सापडल्या. (१९८० च्या दशकात सद्दाम हुसेन यांनी त्याच अवशेषांवर बांधकाम केले आणि विटांवर स्वतःचे नाव कोरून घेतले. विटेवर नाव घालण्याचा मोह जुनाच आहे.)

आता चौथा अध्याय. राजाला स्वप्नात पृथ्वीच्या मध्यभागी गगनाला भिडलेला वृक्ष दिसला. स्वर्गातून आज्ञा झाली व तो तोडण्यात आला, बुंधा मात्र राखला गेला. दानिएलला अर्थ उमगला आणि तो काही वेळ स्तब्ध राहिला. ज्याने त्याचे नगर जाळले, त्या राजावर हे संकट येऊ नये असे त्याला मनापासून वाटले. त्याने उपायही सुचवला : न्यायाने वाग, गोरगरिबांवर दया कर. पूर्ण बारा महिने सवड मिळाली. एके दिवशी प्रासादाच्या गच्चीवर फिरताना राजाने हे थोर बाबेल आपणच उभारले अशी फुशारकी मारली आणि शब्द तोंडात असतानाच त्याची बुद्धी हरपली. सात काळ त्याने बैलांसारखे गवत खाल्ले, दहिवराने तो भिजला, नखे पक्ष्यांच्या नखांसारखी वाढली. अखेर त्याने डोळे वर करून स्वर्गाकडे पाहिले. भान परतले, राज्यही परतले.

बाबेलच्या उपलब्ध लेखांत या आजाराचा उल्लेख नाही. १९५२ मध्ये कुमरानच्या चौथ्या गुहेत मिळालेल्या एका तुकड्यात अशीच कथा नबोनिद या नंतरच्या राजाविषयी आहे, आणि दानिएलच्या कथेचे मूळ तिथे असावे असे अनेक अभ्यासक मानतात. ग्रंथाने आजचे रूप धारण केले ते ख्रिस्तपूर्व १६५ च्या सुमारास, अंत्युखस राजा यहुद्यांचा छळ करीत असताना. त्या छळात होरपळणाऱ्यांना गवत खाणारा सम्राट कोणाची आठवण देत असेल, हे निराळे सांगायला नको.

नबुखद्नेस्सर मरण पावला त्यानंतर २३ वर्षांनी, ख्रिस्तपूर्व ५३९ मध्ये, पारसाच्या कोरेशाने बाबेल घेतले. तत्पूर्वीच, त्याचा पुत्र गादीवर येताच, ३७ वर्षे बंदिवासात काढलेल्या यहोयाकीनची सुटका झाली आणि तो राजाच्या पंक्तीला जेवू लागला. १७ डिसेंबरच्या मिस्सेत मत्तयकृत शुभवर्तमानातील येशूची वंशावळ वाचली जाते. तिच्यात बाबेलच्या हद्दपारीचा उल्लेख आहे, पण नबुखद्नेस्सराचे नाव नाही. यखन्या म्हणून त्या बंदिवान यहोयाकीनचे नाव मात्र आहे.