साखरेचा नकाशा काढणारा फिशर

म्हसळ्याहून एसटीने जाताना भाताची खाचरं आणि पेंढ्याच्या गंजी तुम्ही शंभरदा पाहिल्या असतील. गंमत बघा, तांदळातला स्टार्च आणि पेंढ्यातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच माळा. तरी भात आपल्याला पचतो, पेंढा फक्त गुरांना. फरक आहे मणी जोडण्याच्या दिशेचा. एक जोड अल्फा, दुसरी बीटा. आणि यातला प्रत्येक मणी नेमका कसा असतो, ते शोधलं एमिल फिशरने.

१८५२ मध्ये जर्मनीत जन्मलेल्या या पोराने लाकडाचा धंदा बघावा, अशी वडिलांची इच्छा. त्याचं मन काही रमेना. १८७५ मध्ये त्याला फेनिलहायड्रॅझिन सापडलं. बीएस्सीवाल्यांनो, ओसाझोन टेस्टचे पिवळे स्फटिक आठवले का? तेच हे! साखरा तेव्हा काकवीसारख्या चिकट राहायच्या, एकमेकींपासून वेगळ्या करणं महाकठीण. या रसायनाने त्यांचे स्फटिक मिळू लागले. १८९० मध्ये त्याने प्रयोगशाळेत ग्लुकोज बनवलं आणि वर्षभरात १६ शक्य रचनांपैकी ग्लुकोजची कोणती, तेही निव्वळ प्रयोग आणि तर्काच्या जोरावर सांगितलं. एक्स-रे वगैरे काही नव्हतं हो तेव्हा! १९०२ मध्ये नोबेल मिळालं.

पण त्याच फेनिलहायड्रॅझिनने त्याची तब्येत कायमची बिघडवली. १८९५ मध्ये पत्नी ॲग्नेस गेली, मागे तीन लहान मुलगे. त्यातले दोघे पहिल्या महायुद्धाच्या काळात गेले. १९१९ मध्ये फिशरही गेला. उरलेला मुलगा हरमान, तोही पुढे साखरांचाच रसायनतज्ज्ञ झाला.

एक कोडं मात्र फिशरच्या हातून पुरतं सुटलं नव्हतं. १८९३ मध्ये त्याने आम्ल वापरून साखरेला अल्कोहोल जोडलं, तेव्हा अल्फा आणि बीटाची खिचडीच मिळाली. हवी तीच जोड कशी मिळवायची? १९०१ मध्ये कोनिग्ज आणि क्नोर यांनी चांदीचा क्षार वापरला. चांदी साखरेवरचं ब्रोमीन ओढून घेते आणि मुख्यतः बीटा जोड मिळते.

पुढचा धागा थेट पुण्यात. २००६ मध्ये एनसीएलमध्ये श्रीनिवास होथा यांच्या गटाने सोन्याचं क्लोराईड वापरलं. सोनं तिहेरी बंधाला धरतं, साखरेवरचा गट सोडवतं. नवा मणी कुठल्या बाजूने बसणार, ते शेजारचा एस्टर गट ठरवतो. २०१७ मध्ये आयसर पुण्यात सोनं-चांदीच्या जोडीने त्यांनी २१ साखरांची फांद्या असलेली साखळी बांधली. ती आहे टीबीच्या जंतूच्या भिंतीचा तुकडा. टीबीवरची एथॅम्ब्युटॉलची गोळी याच भिंतीच्या बांधकामात खोडा घालते.