आपलं कोण, परकं कोण : गाडगेबाबा

मंडळींनी मला एका संताचं चरित्र लिहायला सांगितलं. ज्ञानोबा-तुकोबांवर लिहिणारे जाणते पुष्कळ आहेत. मी गाडगेबाबा घेतले, कारण ते आपल्यासारखेच नांगर धरणारे होते.

मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, परीट समाजातले. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यात शेंडगावचा. बाप दारूपायी लवकर गेला. आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. तिथं डेबूनं मामाची गुरं राखली, शेती केली. शाळा नाही. लग्न झालं, लेकरं झाली. मुलीच्या बारशाला भावकीला मटण आणि दारू लागायची, त्यांनी गोडाचं जेवण घातलं. भावकी नाराज झाली, तरी मागं सरले नाहीत.

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचं गाडगं. गावात गेले की आधी झाडायला लागायचे, भाकरीचं नंतर. फुकटचा घास घ्यायचा नाही. कुणी पायाला हात लावायला आला की काठी उगारायचे. आम्ही कीर्तनकार पाया पडून घेतो, वर नारळ-पाकीटही घेतो, म्हणून हे लिहिताना हात जरा अडखळतो.

कीर्तनात ते लोकांनाच विचारायचे आणि लोक एका आवाजात उत्तर द्यायचे. कर्ज काढून सण करू नका, देवाला कोंबडं-बकरं कापू नका, पोरांना शाळेत घाला, शिवाशिव पाळू नका. एकदा कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची खबर आली. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही.

पंढरीला यायचे, पण देवळात जायचे नाहीत. वारकरी दर्शनाच्या बारीत, अन् बाबा वाळवंटात खराटा घेऊन. आपण केलेली घाण तेच काढायचे. पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक इथं लोकांच्या पैशातून धर्मशाळा उठवल्या. पंढरीची चोखामेळा धर्मशाळा ज्यांना दुसरीकडं कुणी उतरू देत नव्हतं त्यांच्यासाठी. १९४९ साली ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली.

आता जे सहसा कीर्तनात येत नाही ते सांगतो. एवढ्या इमारती झाल्या, पण घरच्यांचा त्यात काडीचा हक्क ठेवला नाही. बायको कुंताबाई आणि लेकरांनी गरिबीतच दिवस काढले. हे मला पटायला लई वर्षं लागली. परक्याला आपलं म्हणणारा माणूस आपल्याच माणसाला परकं करतो, हे कसलं? मग ध्यानात आलं, आपल्यातल्याच एकाच्या नावावर लोकांची धर्मशाळा झाली असती, तर पुढं गावोगावच्या देवळांचं होतं तेच तिचं झालं असतं. भाऊबंदकी, कोर्ट, कुलूप. तरी पण मी सांगतो, त्या कुलपाची किंमत बाबांनी एकट्यानं नाही दिली, कुंताबाईनंही दिली.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी बाबा गेले. घर त्यांनी सोडलं होतं, पण शेवट आपल्याच मुलखात झाला.

आपल्या दिंडीच्या तळावर पहाटे पत्रावळी उचलायला जी दोन-चार माणसं थांबतात, त्यांची नावं यंदाच्या यादीत घालायला मी मंडळींना सांगितलं आहे.