अगणिताला आकडा देणारा आर्किमिडीज

'अगणित' हा शब्द मोठा सोयीचा आहे. जे मोजू द्यायचे नाही, त्याला अगणित म्हटले की प्रश्नच संपतो. हा शब्द मानायला नकार देणारा एक माणूस सुमारे २,३०० वर्षांपूर्वी जन्मला. त्याचे नाव आर्किमिडीज.

सिसिली बेटावरील सिराक्यूज या ग्रीक नगरात इ.स.पूर्व २८७ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. वडील फिडियस हे खगोलाचे अभ्यासक. तरफ आणि पाण्यात तरंगणाऱ्या वस्तू यांवरील त्याचे काम शाळेच्या पुस्तकांतून आपल्यापर्यंत पोहोचले आहे. परंतु वाळूच्या कणांवरील त्याचा छोटा प्रबंध फारसा कोणी सांगत नाही.

त्या काळी वाळूचे कण अनंत आहेत, असे काहीजण मानीत. इतर काही म्हणत, अनंत नसतील. पण एवढ्या मोठ्या संख्येला नावच नाही. अडचण भाषेचीही होती. ग्रीकांचा सर्वांत मोठा संख्याशब्द 'मिरियड'. त्याचा नेमका अर्थ १०,०००. बोलण्यात मात्र 'असंख्य'. आर्किमिडीजने नेमका अर्थ हाती धरला. मिरियड गुणिले मिरियड म्हणजे १० कोटी. इथपर्यंतच्या संख्या पहिल्या श्रेणीच्या. मग १० कोटी हेच एकक धरून दुसरी श्रेणी, तिच्यापुढे तिसरी. अशी शिडी त्याने वर नेली.

मग मोजणी. खसखशीच्या एका दाण्याएवढ्या जागेत जास्तीत जास्त १०,००० कण धरले. बोटाच्या रुंदीत ४० दाणे. हिशेब कमी पडला असे कोणी म्हणू नये म्हणून पृथ्वीचा परीघ इतरांनी मानलेल्याच्या दहापट घेतला. विश्वही सर्वांत मोठे घेतले. सूर्य स्थिर आहे आणि पृथ्वी फिरते, असे मांडणाऱ्या अ‍ॅरिस्टार्कसचे. अ‍ॅरिस्टार्कसचे ते लिखाण नष्ट झाले. त्याचा तो विचार आज आपल्याला मुख्यतः या प्रबंधामुळेच माहीत आहे. एवढे विश्व वाळूने भरले तरी कण किती? एकावर ६३ शून्ये, या संख्येपेक्षा कमीच! आणि ही संख्या त्याच्या आठव्या श्रेणीतच बसते.

हे सारे त्याने राजा गेलॉनला उद्देशून लिहिले. सत्तेपुढे स्तुतिपाठ ठेवणारे पुष्कळ असतात. याने हिशेब ठेवला.

इ.स.पूर्व २१२ मध्ये रोमन सैन्याने सिराक्यूज जिंकले तेव्हा एका सैनिकाने त्याला ठार मारले. इ.स.पूर्व ७५ मध्ये सिसेरोला त्याची कबर काटेरी झुडपांत सापडली. त्याच्याच नगरातील लोकांना तिचा पत्ता नव्हता.

किती माणसे भूमिहीन आहेत, किती मुले शाळेबाहेर आहेत, असे विचारले की आजही 'असंख्य', 'लाखो' अशी उत्तरे मिळतात. ती आपण चालवून का घ्यावीत? विश्वभर वाळूचे कण मोजता येतात, तर माणसेही मोजता येतात. नेमका आकडा मागितला पाहिजे. आकडा हाती असेल तरच जाब विचारता येतो.